प्रस्तावना : इरले, लेणी आणि वस्तुसंग्रहालय

मावळ तालुक्यातला माणूस पुण्यास जातो तो बहुधा कचेरीच्या कामासाठी, दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, नाहीतर मुलाच्या कॉलेजप्रवेशासाठी. आणि काम उरकून हाती थोडा वेळ राहिला तर मंडईत एक चक्कर टाकून तो संध्याकाळची लोणावळा लोकल धरतो. त्याच पुण्यात, शुक्रवार पेठेत, दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्य वेचून जमविलेल्या वीस हजारांच्या घरातील वस्तू त्याच्याच आज्या-पणज्याच्या काळातील दिव्यांची, कुलपांची, अडकित्त्यांची आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांची साक्ष देत उभ्या आहेत; आणि स्टेशनापासून फार लांब नसलेल्या क्वीन्स गार्डन भागात, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात, महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींचे संसार मांडलेले आहेत. ही गोष्ट त्याला ठाऊक नसते, अथवा ठाऊक असली तरी ती आपल्यासाठी आहे असे त्याला वाटत नाही. प्रस्तुत ग्रंथ या माणसासाठी लिहिला गेला आहे, आणि म्हणूनच त्याला प्रस्तावना लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करले.

या ग्रंथाचा जन्म ज्या एका प्रसंगातून झाला, त्या प्रसंगी मी हजर होतो. आंदर मावळातल्या एका वृद्ध आजींना बरोबर घेऊन आम्ही पाचसहा जण एक वस्तुसंग्रहालय पाहावयास गेलो होतो. दालनामागून दालन पाहत आजी मुकाट्याने चालल्या होत्या; परंतु एका काचेच्या कपाटापाशी येताच त्या थबकल्या. कपाटात एक इरले होते. कळकाच्या कामट्यांची दुहेरी जाळी विणून तिच्या दोन पदरांमध्ये पळसाची पाने दाटून बसविलेले, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारे, नावेच्या अर्ध्या तुकड्यासारखे दिसणारे असे ते. ते उभे करून, पोकळ बाजू पाहणाऱ्याकडे येईल अशा रीतीने तारेने बांधलेले होते. खाली चिठ्ठीवर द्रव्य, प्रदेश आणि अनुक्रमांक हे तिन्ही बिनचूक लिहिलेले होते. आजी बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आरं, ह्ये आसं उभं कशापाई केलंय? पाठीवर पालथं घ्यायचं असतं त्ये. आवणीला वाकलं म्हंजी हात मोकळं ऱ्हात्यात, म्हणून तर इरलं." पुढे त्यांनी आपण होऊन तेथेच, फरशीवर, कमरेत वाकून ते कसे घेतात ते दाखविले. चिखलात दोन्ही हातांनी रोप लावणाऱ्या बाईला छत्री निरुपयोगी असते, कारण छत्रीला एक हात द्यावा लागतो. घोंगडी भिजून जड होते. म्हणून मावळच्या मुसळधार पावसाने आणि भाताच्या शेतीने मिळून ही वस्तू घडविली, एवढा सारा अर्थ त्या एका वाकण्यात होता. चिठ्ठीत तो नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने इरले पाहिले होते, ते पाठीवर घेतलेले नव्हते.

संग्रहालयाचा संपूर्ण प्रश्न मला त्या कपाटापाशी उमगला. वस्तू तिच्या जागेवरून उचलली म्हणजे ती वाचते, परंतु तिची वाचा जाते. आणि जागेवर राहू दिली तर वाचा असते, परंतु वस्तू वाचत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधाव्यात, याचाच विचार गेली दीडशे वर्षे जगभरची संग्रहालये करीत आली आहेत, आणि नवख्या वाचकाला या ग्रंथात प्रवेश करण्यापूर्वी त्या विचाराची वाट थोडक्यात ठाऊक असणे हितावह आहे.

मागच्या पिढीतील लोक वस्तुसंग्रहालयाला अजबखाना म्हणत. त्या नावात त्या संस्थेच्या पहिल्या अवस्थेचे यथार्थ वर्णन आहे. दूरदेशीच्या चमत्कारिक वस्तू एकत्र कराव्यात आणि लोकांनी त्या पाहून अचंबित व्हावे, हा त्या काळचा हेतू. कलकत्त्यात १८१४ साली एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने संग्रहालय निघाले, नागपुरास १८६३ साली, आणि मुंबईत आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय १८७२ च्या मे महिन्यात लोकांस खुले झाले. या मुंबईच्या संग्रहालयात निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांच्या मातीच्या लहान प्रतिकृती अद्याप पाहावयास मिळतात: पगडी, पेहराव, हातातले हत्यार सर्व काही तंतोतंत. कारागिरी उत्तम, त्याविषयी वाद नाही. परंतु त्या बाहुल्या ज्या दृष्टीने घडविल्या गेल्या ती दृष्टी राज्यकर्त्याची आहे. आपल्या मुलखात कोणकोणते लोक राहतात याची ती मातीतली खानेसुमारी आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे पुणे जिल्ह्यावरील तीन भाग १८८५ साली निघाले, त्यांतही कोळी, ठाकर, कातकरी यांची वर्णने याच दृष्टीने लिहिलेली आहेत. त्यांत माहिती विपुल आहे आणि आजही तिच्यावाचून अभ्यासकाचे चालत नाही. मात्र ज्यांच्याविषयी ती आहे त्यांचा आवाज तीत नाही.

युरोपात याच सुमारास मांडणीविषयी एक मोठा वाद झाला. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात, १८८४ च्या स्थापनेपासून, वस्तू प्रकारवार मांडल्या गेल्या. म्हणजे जगातले सर्व दिवे एकीकडे, सर्व कुलपे एकीकडे, सर्व वाद्ये एकीकडे, जेणेकरून साध्यापासून गुंतागुंतीच्या रूपापर्यंत मनुष्यबुद्धीचा प्रवास दिसावा. त्याविरुद्ध १८८७ साली फ्रान्झ बोआस या मानवशास्त्रज्ञाने अमेरिकेत असे प्रतिपादन केले की, एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंचा अर्थ दोन समाजांत अगदी भिन्न असू शकतो, आणि म्हणून एका समाजाच्या सर्व वस्तू एकत्रच ठेवल्या पाहिजेत. तिसरी वाट स्वीडनमधील आर्तुर हासेलियस याने काढली. १८९१ साली स्टॉकहोमजवळ स्कान्सेन येथे त्याने शेतकऱ्यांची जुनी घरेच्या घरे उचलून आणून उघड्या माळावर वसविली. आपल्याकडे भोपाळच्या श्यामला टेकडीवरील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय याच वाटेने गेले असून तेथे निरनिराळ्या जमातींच्या लोकांनी स्वतः येऊन आपापली घरे बांधलेली आहेत. चौथी वाट याहूनही धीट. १९७१ च्या सुमारास फ्रान्समध्ये असा विचार पुढे आला की, वस्तू हलवूच नयेत, सबंध मुलूख हेच संग्रहालय मानावे आणि त्याचा कारभार तेथील रहिवाशांनी पाहावा.

महाराष्ट्रात या चारही वाटांची उदाहरणे आहेत, जरी त्यांच्या कर्त्यांनी परदेशातील वादांचा विचार केला असेलच असे नाही. केळकरांचा संग्रह प्रकारवार मांडणीचा. परंतु त्यामागे शास्त्रापेक्षा माया अधिक होती. अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी तो उभा केला आणि १९७५ साली सर्वच्या सर्व महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग तेथे आणून पुन्हा जुळविले, ती स्कान्सेनचीच रीत होय. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने दप्तरांना प्राधान्य दिले. पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ साली डेक्कन कॉलेजात आला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली आपल्या लहानशा संस्थानात चित्रांचे आणि शिल्पांचे दालन बांधले. आदिवासींसाठी स्वतंत्र संस्था मात्र १९६२ पर्यंत नव्हती. त्या वर्षी निघालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालकपद पुढे डॉ. गोविंद गारे यांच्याकडे आले आणि जमातींविषयी मराठीत, सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत, सातत्याने लिहिण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराच्या गोठ्यातच चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय थाटले. मला विचाराल तर मावळने पाहावयास जावे ते प्रथम पिंगुळीला. कारण ज्याची परंपरा त्याचीच मांडणी, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात उतरलेले आहे.

आता मावळकडे वळू. सूर्य मावळतो त्या बाजूचा हा मुलूख. पुण्याखालची बारा मावळे आणि जुन्नरखालची बारा मावळे अशी त्याची जुनी गणना. आजच्या तालुक्यात आंदर, नाणे आणि पवन ही तीन मावळे येतात आणि आंद्रा, इंद्रायणी, पवना या नद्यांच्या खोऱ्यांवरून गावे आपली ओळख सांगतात. मळवली स्टेशनावर उतरावे: एका अंगाला कार्ल्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भाजे, आणि भाज्याच्या माथ्यावर लोहगड व विसापूर. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासून परवाच्या दिवसापर्यंतचा इतिहास पायी एका दिवसात पाहता येईल अशा जागा महाराष्ट्रात थोड्याच असतील.

कार्ल्याच्या चैत्यगृहात थोडे थांबले पाहिजे. सुमारे १२४ फूट लांबीच्या त्या दगडी दालनात वर पाहिले तर छताच्या कमानींना लाकडाच्या फासळ्या लावलेल्या दिसतात आणि स्तूपावर लाकडाचेच छत्र उभे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुतारांचे हे काम. ते कोणत्याही कपाटात नाही, त्याला काच नाही. जेथे बसविले तेथेच ते आहे, आणि म्हणूनच दगडात लेणे खोदणाऱ्यांच्या मनात लाकडी बांधणीचे चित्र होते, हे कोणी न सांगता तेथे कळते. खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेले, स्वतःला यवन म्हणविणारे दाते आहेत, आणि वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. चैत्रात मुंबई-ठाण्याकडचे कोळी आणि आगरी पालख्या घेऊन येतात, गुलाल उधळतो, आणि बौद्ध चैत्य, शक-सातवाहनांचे दानलेख व मासे धरणाऱ्या लोकांची कुलस्वामिनी एकाच अंगणात नांदतात. याच तालुक्यात पाले येथील लेण्यात अरिहंतांना वंदन करून सुरू होणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून मुंबईस रोज आगगाडीने जात आणि सवड मिळताच हे डोंगर पायी धुंडाळीत. शेतातल्या गारगोटीच्या बारीक हत्यारांपासून गावाबाहेरच्या शेंदरी देवींपर्यंत सर्व पुरावा त्यांनी एका सूत्रात गुंफला आणि लेणी जुन्या व्यापारी वाटांवर का आहेत ते दाखवून दिले. ज्याला संग्रहालय पाहणे शिकावयाचे आहे त्याने कोसंबींकडून चालणे शिकावे.

पुढचा इतिहास कागदोपत्री अधिक आहे. तळेगावचे सेनापती दाभाडे, लोहगडावरचे नाना फडणविसांचे बांधकाम, वडगावची १७७९ ची लढाई हे सारे पेशवे दप्तरात आणि बखरींत शोधता येते. वडगावच्या लढाईतली एक गोष्ट मला नेहमी मोलाची वाटते. कार्ल्यापाशी ४ जानेवारी १७७९ रोजी तोफेच्या गोळ्याने ठार झालेल्या कॅप्टन स्टुअर्टला मराठ्यांनीच 'इष्टुर फाकडा' हे नाव दिले, आणि वडगावात त्याची समाधी आजही आहे. शत्रूच्या शौर्याला आपल्या भाषेत नाव देऊन ठेवणारे लोक आपला इतिहास आपणच जतन करू शकतात, यावर माझा विश्वास आहे.

याउलट बोरघाटाचे. १८३० साली गाडीरस्ता आणि १८६३ साली आगगाडी या घाटाने वर चढली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर अल्पावधीतच वारला तेव्हा त्याच्या पत्नीने, ॲलिसने, ते कंत्राट पुढे चालविले, हे पुस्तकांतून सापडते. परंतु काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर त्या कड्यांवर सुरुंग लावीत, पाट्या वाहत होते, त्यांच्यातील एकाचेही नाव, एकाचीही पहार, एकीचीही पाटी आपल्याजवळ नाही. खंडाळ्याच्या बोगद्यातून जाताना गाडीचा आवाज बदलतो, तेव्हा मला त्यांची आठवण येते. ग्रंथकारांनी हे प्रकरण चार पानांत आटोपले आहे. ते चाळीस पानांचे व्हावयास हवे होते.

आणि कातकरी. खैराच्या लाकडाचे बारीक तुकडे मडक्यांत उकळून, अर्क आटवून, त्याच्या वड्या पाडणे हा ज्यांचा धंदा, ज्यावरून त्यांना नावच मिळाले, त्यांच्या हातून १८७८ च्या जंगल कायद्यानंतर जंगल सुटत गेले. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. आज महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून गणलेल्या तीन जमातींत कातकरी आहेत. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. पानसुपारीचे अडकित्ते, डबे, पानपुडे यांनी आपल्या संग्रहालयांची कपाटेच्या कपाटे भरलेली आहेत आणि त्यांतली कारागिरी पाहून मन प्रसन्न होते. परंतु त्या पानाला लागणारा कात ज्या मडक्यात आटला ते मडके मी कोठल्याही दालनात पाहिलेले नाही. प्रादेशिक संग्रहालयाने अडकित्त्याशेजारी ते मडके ठेवले पाहिजे. तेवढे केले तरी पुष्कळ झाले.

हे सारे आताच का, असे कोणी विचारील. उत्तर मावळच्या रस्त्यांवरच आहे. पवनेच्या धरणाखाली गावे गेली; द्रुतगती मार्ग झाला; तळेगावच्या माळावर कारखाने आले; डोंगरउतारांच्या जमिनी बंगल्यांसाठी विकल्या गेल्या. कुडाच्या भिंतींच्या जागी विटा आल्या, ही चांगलीच गोष्ट आहे, आणि पावसात इरल्याऐवजी प्लॅस्टिकचा कागद पांघरणाऱ्या बाईला दोष देणारा मी कोण? कागद हलका आहे आणि स्वस्त आहे. परंतु इरले विणणारे हात तालुक्यात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि त्यांच्यामागे कोणी शिकलेले नाही. भातातही तेच. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी जातीने शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला. त्याआधीच्या जुन्या वाणांची नावे मात्र आता म्हाताऱ्यांनाच सांगता येतात. देवराया अजून काही गावांनी राखल्या आहेत; वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या काळात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला नसता तर त्यांचे महत्त्व आपल्याला इतके स्पष्ट झाले नसते. आणि २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत लोहगड आहे. आता तेथे जगभरातून लोक येतील. त्यांना गड दाखविणारा माणूस लोहगडवाडीचा असेल की बाहेरून नेमलेला, हे येत्या काही वर्षांत ठरावयाचे आहे.

प्रस्तुत ग्रंथ तालुक्यातील काही शिक्षकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सिद्ध केला आहे. त्यांनी मावळातल्या निरनिराळ्या घरांतील वडीलधाऱ्यांना संग्रहालयांत नेले, वस्तूंपुढे उभे केले आणि ते जे बोलले ते त्यांच्याच बोलीत लिहून घेतले. मग तीच माणसे त्यांना आपल्या गावी घेऊन गेली आणि तशीच वस्तू वापरात असलेली, मोडून माळ्यावर पडलेली, किंवा नुसती आठवणीत राहिलेली दाखविली. म्हणजे प्रत्येक नोंदीला दोन जागा आहेत, एक दालनातली आणि एक गावातली. विद्वत्तेच्या मापाने पाहता यात उणिवा आहेत. काही वस्तूंच्या काळाविषयी संपादकांनी घाईने निर्णय दिला आहे, आणि ठाकरांच्या वाद्यांचा भाग संगीत जाणणाऱ्या एखाद्याने तपासावयास हवा होता. तालुक्याच्या ठिकाणी संग्रहालयाची इमारत उभारावी, अशी जी मागणी शेवटी केली आहे तीही मला तूर्त मान्य नाही. इमारतीला जागा लागते, कंत्राट लागते, उद्घाटन लागते, आणि तोवर माहीतगार माणसे निघून जातात. अगोदर गाववार यादी व्हावी. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरात तिची एक प्रत असावी. इमारत मागाहून होईल. असे असले तरी ज्यांची वस्तू त्यांना साक्षीला बोलावण्याची जी रीत या मंडळींनी अवलंबिली, तशी मी आजवरच्या कोणत्याही मराठी मार्गदर्शिकेत पाहिलेली नाही, आणि तिच्यासाठी बाकीच्या उणिवा मी विसरावयास तयार आहे.

वाचकांस एकच विनंती आहे. हे पुस्तक घेऊन संग्रहालयात जाताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. आणि परत आल्यावर, माळ्यावरची कणगी, पाभर किंवा मोडके इरले भंगारवाल्याच्या गाडीवर चढण्यापूर्वी, एका कागदावर त्या वस्तूचे घरातले नाव, ती कोणी केली आणि कोणत्या महिन्यात वापरली जाई, एवढ्या तीन ओळी लिहून घ्याव्यात. ज्या आजींनी आम्हाला इरले पाठीवर घेऊन दाखविले, त्या या पुस्तकाची छपाई सुरू असताना वारल्या. त्यांच्या तीन ओळी पहिल्याच पानावर आहेत.